नाशिकमध्ये १५ हजारांच्या आत टू-बीएचके भाड्याने : भाग कोणता निवडावा आणि करार कसा करावा?

तापीकाठ :
नमस्कार. आम्ही जळगावहून मे महिन्याच्या अखेरीस नाशिकला राहायला येत आहोत. माझी नोकरी अंबड औद्योगिक वसाहतीत आहे, पत्नीची बदली नाशिकरोडला झाली आहे, मुलगी यंदा पाचवीत जाईल आणि आई आमच्यासोबत असते. आईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, म्हणून तळमजला किंवा नीट चालणारी लिफ्ट यांपैकी एक असलेच पाहिजे. भाडे आणि मेंटेनन्स मिळून १५ हजार, फार तर १६ हजार रुपये आम्ही महिन्याला देऊ शकतो. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला चौकशी केली तेव्हा चांगल्या स्थितीतल्या टू-बीएचकेसाठी २० हजारांच्या पुढचेच आकडे ऐकायला मिळाले. बहुतेक एजंट एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागतात, आणि दोघांनी तर करार नोंदवण्याची गरज नाही, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी पुरे, असे सांगितले. आम्हा दोघांच्या कामाच्या जागा शहराच्या दोन टोकांना असताना कोणता भाग पाहावा, आणि करारात कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना_गंगाघाट :
तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. अंबड शहराच्या नैर्ऋत्येला आणि नाशिकरोड आग्नेयेला असल्यामुळे नदीपलीकडचा पंचवटी, म्हसरूळ, मखमलाबाद हा सगळा पट्टा तुम्ही आत्ताच बाजूला ठेवावा. तिकडे भाडी कमी आहेत हे खरे; पण नाशिकरोडला जाणाऱ्या माणसाला रोज द्वारका चौक ओलांडावा लागतो आणि तिथे सकाळ-संध्याकाळ होणारी कोंडी सगळे शहर जाणून आहे. गंगापूर रोडही तुम्हा दोघांना सारखाच लांब पडेल, त्यामुळे तिथली भाडी परवडत नाहीत याचे वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्यासाठी योग्य पट्टा म्हणजे पाथर्डी फाट्यापासून वडाळा–पाथर्डी रस्त्याने इंदिरानगर आणि पुढे अशोका मार्गापर्यंतचा. पाथर्डी फाटा अंबडला जवळजवळ लागून आहे आणि अशोका मार्गावरून नाशिकरोडला जाताना द्वारका टाळता येते. या पट्ट्यात पाथर्डी फाट्याकडे नव्या, लिफ्ट असलेल्या इमारती जास्त आहेत, तर इंदिरानगरात जुने बंगले आणि रो-हाऊस जास्त आहेत, ज्यांचा तळमजला किंवा वरचा मजला भाड्याने दिला जातो. सिडकोतही तुमच्या रकमेत घर मिळेल, परंतु तिथल्या मूळच्या छोट्या घरांवर मालकांनी मजले चढवले आहेत आणि त्यांचे जिने इतके अरुंद आणि उभे आहेत की आईंसाठी मी तो पर्याय सुचवणार नाही.

तळमजला घेताना एक गोष्ट पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. नाशिकमध्ये पूर म्हटले की लोकांना रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आठवतो, कारण पाणी त्याच्या कमरेला लागले की गळ्याला, यावरूनच आपण पुराची पातळी सांगतो. मात्र गोदावरीइतकाच त्रास नासर्डीच्या काठच्या वस्त्यांना होतो. सातपूरकडून येणारा हा प्रवाह उंटवाडी आणि मुंबई नाका या भागांतून पुढे गोदावरीला मिळतो आणि उन्हाळ्यात त्याच्याकडे पाहून त्याच्या पावसाळ्यातल्या रूपाची कल्पना येत नाही. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा आखण्यात आल्या. तुम्ही पाहत असलेल्या घराच्या शेजाऱ्यांना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी कुठवर आले होते, एवढे विचारले तरी खरी माहिती मिळेल.

पर्णकुटी :
वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. नळाच्या पाण्याबद्दलही विचारावे. इमारतीला महापालिकेचे पाणी किती वेळ येते, वापरासाठी बोअरिंग आहे का आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवावा लागतो का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि एजंट त्या तिन्हींना मिळून एकच उत्तर देतो. तुम्ही उन्हाळ्यातच घरे पाहत आहात, हे एका परीने बरे आहे, कारण पाण्याची टंचाई याच दिवसांत दिसते.

दस्तनोंद :
मी लिव्ह अँड लायसन्सचे (म्हणजे भाडेपट्ट्याचे हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचे) करार नोंदवण्याचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स, करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती पार पाडली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदवलेला करार नसताना अटींबाबत वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ही तरतूद मालकांना शांतपणे समजावून सांगितली की नोंदणीला नकार देणारे बहुतेक जण तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

खर्चाची भीतीही बरीच वाढवून सांगितली जाते. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. परत मिळणारे डिपॉझिट असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के दराने व्याज गृहीत धरून तेही एकूण रकमेत मिळवतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. समजा भाडे १४,००० आणि डिपॉझिट ४२,००० आहे. अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क चारशे रुपयांच्या आसपास येईल. हाच करार ३३ महिन्यांचा केला तर शुल्क साधारण बाराशे होईल, म्हणजे तिप्पट. पण नोंदणी फी मात्र एकदाच १,००० भरावी लागेल. दर अकरा महिन्यांनी नवा करार करणाऱ्याला तीच तीनदा भरावी लागते आणि शिवाय प्रत्येक वेळी एजंट नूतनीकरणाचे पैसे मागतो, ते वेगळेच.

अकरा महिन्यांची प्रथा का पडली, हेही सांगतो, कारण बहुतेक लोक ती कायद्याची अट समजतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून ती टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांचे कागद होऊ लागले. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे मुदत कितीही असली तरी नोंदणी करावीच लागते, त्यामुळे अकरा महिन्यांनी इथे कोणाचीही नोंदणी वाचत नाही. तुमच्यासारख्या, मुलीची शाळा मध्येच बदलू नये असे वाटणाऱ्या कुटुंबाने २२ किंवा ३३ महिन्यांचा करार मागावा आणि दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहून घ्यावी.

नोंदणी ऑनलाइन होते. आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे लागतात आणि नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जावे लागत नाही. नोंदवलेली प्रत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणीचा सारांश उतारा) तुमच्याजवळ ठेवा. गॅस जोडणी, बँक, वाहनाचा पत्ता, सगळीकडे तोच पुरावा चालतो. ज्यांना आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असतो त्यांच्याकडेही नोंदणीकृत भाडेकरारच मागितला जातो.

तापीकाठ :
मनापासून आभार. मी दोन गोष्टी विचारू इच्छितो. डिपॉझिट किती असावे याला काही मर्यादा आहे का? एका मालकाने सहा महिन्यांचे मागितले. आणि मी जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेतो, त्यासाठी हा करार पुरेल का?

दस्तनोंद :
केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा आहे, परंतु तो केवळ नमुना आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच अधिनियम चालतो आणि डिपॉझिट दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरते. तरीही नाशिकमध्ये माझ्या हातून जाणाऱ्या बहुतेक निवासी करारांत ते दोन-तीन महिन्यांचे असते, म्हणून सहा महिन्यांची मागणी तुम्ही निःसंकोच नाकारावी. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि व्यवहाराचा क्रमांक करारात लिहून घ्या.

भत्त्याच्या सुटीसाठी करार आणि भाडे दिल्याचा पुरावा लागतो. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की मालकाचा पॅनही द्यावा लागतो, आणि तुमच्या रकमेत ते जाणारच आहे. काही मालक शेवटच्या क्षणी पॅन द्यायला नकार देतात, म्हणून हा विषय टोकन देण्यापूर्वीच काढावा.

वडाळारोड :
मी घरमालक आहे. इंदिरानगरातील आमच्या बंगल्याचा तळमजला आम्ही अनेक वर्षे भाड्याने देत आलो आहोत, त्यामुळे दुसरी बाजूही इथे यावी असे वाटते.

मालकांना खरी भीती भाडेकरू जागा सोडणार नाही याची असते, आणि जुन्या भाडेकरूंच्या पिढ्यानपिढ्या चाललेल्या खटल्यांच्या गोष्टी ऐकून ती मनात बसलेली असते. लिव्ह अँड लायसन्समध्ये परिस्थिती वेगळी आहे. मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याविरुद्ध त्याच १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येते. त्यासाठी लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे नोंदणीमुळे मालकाचेही रक्षणच होते. हे समजल्यापासून मी नोटरीचा विचारसुद्धा केलेला नाही.

भाडे कमी करून घ्यायचे असेल तर मालकाला काय महत्त्वाचे वाटते ते समजून घ्या. घर दोन महिने रिकामे राहिले तर १४ हजारांच्या घरात माझे २८ हजार जातात. त्यापेक्षा तीन वर्षे टिकणाऱ्या, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत बँकेत भाडे जमा करणाऱ्या कुटुंबाला महिन्याला हजार रुपये कमी करणे मला परवडते. म्हणून 'भाडे थोडे कमी करा' एवढेच म्हणण्यापेक्षा मुदत सांगा, मुलीची शाळा सांगा, आधीच्या मालकाचा संदर्भ द्या. आणि रंगकामाचा मुद्दा आधीच मिटवा. घर सोडताना रंगाच्या नावाखाली डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापून घेण्याची पद्धत आहे आणि सर्वांत जास्त मने तिथेच दुखावतात. नेहमीच्या वापराने भिंती मळल्या तर त्याचा खर्च मालकाचा आणि मोडतोड झाली तर भाडेकरूचा, असे स्पष्ट वाक्य करारात असावे.

कमोद :
मी एकटी राहणारी नोकरदार स्त्री आहे. वरची चर्चा उपयुक्त आहे, परंतु ती कुटुंबाला घर मिळते हे गृहीत धरून चालली आहे, म्हणून लिहिते. मला परवडणारी घरे भरपूर दिसली आणि त्यांपैकी बरीच मी प्रत्यक्ष पाहण्याआधीच बंद झाली. फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा लग्नाचा आणि तिसरा मांसाहाराचा येई. एका सोसायटीत मालक तयार असताना समितीने 'आमच्याकडे फक्त फॅमिलीला देतात' असे सांगून व्यवहार मोडला. माझ्या ऑफिसातील एका मुस्लिम सहकाऱ्याला चांगला पगार आणि बँकेतली नोकरी असूनही इंदिरानगर आणि गोविंदनगरात महिनोन्महिने घर मिळाले नाही. शेवटी त्याने नोकरीपासून लांब, अधिक भाड्याचे घर घेतले. ज्याला दारे बंद होतात त्याला तेच घर महाग पडते. परवडणाऱ्या घराबद्दल बोलताना ही किंमतसुद्धा मोजली गेली पाहिजे, असे मला वाटते.

मला अखेर घर मिळाले ते ऑफिसातल्या एका काकूंच्या ओळखीने, एजंटाशिवाय. कामाच्या ठिकाणी आणि मुलीच्या शाळेतल्या पालकांत जरूर सांगून ठेवा. कित्येक घरे जाहिरातीपर्यंत येतच नाहीत.

सचिव_पाथर्डीफाटा :
मी एका सोसायटीचा सचिव आहे आणि कमोद ताईंनी लिहिलेले वाचून खेद वाटला. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) सभासदाने आपला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देताना सोसायटीची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही. त्याने आठ दिवस आधी सोसायटीला कळवावे आणि कराराची प्रत व पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत सादर करावी, एवढेच अपेक्षित आहे. म्हणजे कोण राहणार हे ठरवण्याचा अधिकार समितीला नाही. आमच्या समितीतही यावर वाद झाले आणि मी उपविधी वाचून दाखवले तेव्हाच ते थांबले. ताईंच्या मालकांनी ठाम राहून सोसायटीकडे लेखी कारण मागितले असते, तर समितीला ते देता आले नसते.

पैशांबाबत : मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारते. १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ते मालकाने भरायचे असते. काही मालक ते मेंटेनन्समध्ये मिसळून भाडेकरूकडून घेतात. तेव्हा 'मेंटेनन्स वेगळा' असे कोणी म्हटले की सोसायटीचे शेवटचे बिल पाहायला मागा.

तापीकाठ :
गेल्या शनिवार-रविवारी आम्ही सर्वांनी मिळून घरे पाहिली आणि आता दोन पर्याय उरले आहेत.

पहिला पाथर्डी फाट्याजवळ : तिसरा मजला, लिफ्ट, सात-आठ वर्षे जुनी इमारत, भाडे १४,५००, मेंटेनन्स १,५००, डिपॉझिट ५० हजार आणि एका महिन्याची दलाली. दुसरा इंदिरानगरात : बंगल्याचा तळमजला, मालक वर राहतात, भाडे १३,०००, मेंटेनन्स नाही, दलाल नाही. विजेसाठी मात्र सब-मीटर (मालकांच्याच जोडणीवर आमचा वापर मोजणारा मीटर) आहे आणि मालक युनिटला १२ रुपये घेतात. आईला दुसरे घर फार आवडले, कारण पुढे अंगण आहे आणि चालत जाता येईल असे विठ्ठल मंदिर आहे.

जुना_गंगाघाट :
केवळ आकड्यांनी पाहिले तर दुसरे घर स्वस्त आहे, पण दलाली आणि वीजही मोजायला हवी. पहिल्या घराचे महिन्याला १६ हजार होतात. दलालीचे १४,५०० अकरा महिन्यांत विभागले तर महिन्याला सुमारे १,३०० आणखी धरावे लागतील, मात्र ३३ महिने राहिलात तर तोच भार ४४० रुपयांवर येतो. दुसऱ्या घरात महिन्याला १५० युनिट वापर धरला तर विजेचे १,८०० होतात.

खरा मुद्दा सब-मीटरचा आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो : पहिली १०० युनिट सर्वांत स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढचा सर्वांत महाग. दोन कुटुंबे एकाच मीटरवर असली की दोघांचा वापर एकत्र मोजला जातो आणि दोघांनाही स्वस्त टप्प्याचा लाभ निम्माच मिळतो. मालक तुम्हाला लुबाडत आहेत असे मी म्हणत नाही, कदाचित त्यांना तेवढाच दर पडत असेल. परंतु तळमजल्यासाठी स्वतंत्र मीटर घेता येईल का, हे त्यांना विचारून पाहा. स्वतंत्र मीटर झाला तर मी निःशंकपणे दुसरे घर सुचवेन.

पर्णकुटी :
मीही दुसऱ्याच घराच्या बाजूने आहे, आणि कारण आईंचे आहे. लिफ्ट असली तरी वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, हे पहिल्या घरी पाहिलेत का? आजींना दिवसातून दोनदा सहज बाहेर पडता येणे हे पैशांतल्या फरकापेक्षा मोठे आहे. मालक वर राहतात म्हणून पाहुणे, रात्रीची वेळ, फाटकाची किल्ली आणि स्वयंपाकघरात काय शिजेल यांबद्दल मात्र आधीच मोकळेपणाने बोलून घ्या.

वडाळारोड :
एक सूचना राहिली होती. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नाने ऑगस्ट–सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्या काळात थोड्या दिवसांच्या भाड्याला मोठी मागणी येईल, या आशेने पंचवटी-तपोवनाकडचे काही मालक आत्तापासून आखूड मुदतीचे करार करत आहेत. इंदिरानगरात तो दबाव कमी असेल, तरीही मालकाला मुदतीपूर्वी करार मोडता येऊ नये यासाठी लॉक-इनचा काळ २०२७ च्या दिवाळीपलीकडे जाईल असा ठेवा. लॉक-इन दोघांवर बंधनकारक असतो हे लक्षात घ्या. म्हणून तुमची किंवा वहिनींची बदली झाल्यास दोन महिन्यांच्या नोटिशीने तुम्हाला मोकळे होता येईल, असा अपवाद त्यात लिहून घ्यावा.

तापीकाठ :
इंदिरानगरचे घर नक्की केले. मालकांशी बसून बोललो, तेव्हा त्यांनी स्वतंत्र मीटरसाठी महावितरणकडे अर्ज करायचे मान्य केले. तो बसेपर्यंत ते महिन्याचे बिल आम्हाला दाखवतील आणि प्रत्यक्ष दर जितका पडेल तितकाच घेतील. करार ३३ महिन्यांचा, भाडे पहिल्या वर्षी १३,०००, नंतर दरवर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट दोन महिन्यांचे म्हणजे २६,०००. रंगकामाचे आणि बदलीच्या अपवादाचे वाक्य मसुद्यात आले आहे. २०१९ मध्ये त्या गल्लीत पाणी आले नव्हते, असे शेजारच्या दोन घरांतून कळले. आम्ही मांसाहार करतो हे मी स्वतःहून सांगितले, कारण कमोद ताईंचा प्रतिसाद मनात होता. मालकांनी हरकत घेतली नाही.

ताबा घेण्याच्या दिवशी काय पाहावे, एवढे कोणी सांगाल का?

दस्तनोंद :
दिवसाउजेडी जा आणि सामान आत येण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा, म्हणजे तारखेसह नोंद राहते. सब-मीटरचे वाचन लिहून दोघांनी सह्या करा. सगळे नळ एकदम उघडून पाण्याचा दाब पाहा, गीझर चालू करून बघा, खिडक्यांच्या कड्या आणि मागच्या दाराचे कुलूप तपासा. पंखे, दिवे, कपाटे, किल्ल्या यांची यादी करारालाच परिशिष्ट म्हणून जोडता येते. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकांनी द्यायची असते आणि ती राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून भरता येते; त्याची पोच तुम्हीही मागून घ्या.

तापीकाठ :
सर्वांचे आभार. पाथर्डी फाट्याचा तो फ्लॅट अजून रिकामा असल्याचे काल कळले. लिफ्टला जनरेटर आहे, महापालिकेचे पाणी रोज येते आणि मालक नोंदणीकृत करारास तयार आहेत. अंबड किंवा सातपूरला नोकरी असणाऱ्या कोणाला तो हवा असल्यास मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. मी त्या मालकांना विचारून घेतले आहे आणि ते दलालाशिवाय थेट बोलायला राजी आहेत.